भिंतीतला जोड

लाइनमनला निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, तरी गल्लीत त्याला सगळे लाइनमनच म्हणत आणि त्यालाही दुसरं काही म्हटलेलं रुचत नसे. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. खांबांवर चढला, खड्ड्यांत उतरला, लोकांच्या माळ्यांवर पालींशी ओळखी करून आला. आता खांबावरच्या तारा कावळ्यांपुरत्या उरल्या होत्या. त्याच्याकडे सांगण्यासारख्या गोष्टी पुष्कळ होत्या, पण ऐकणारी एक बायकोच, आणि तिला त्या सगळ्या पाठ होत्या.

म्हणून मुलगी नऊ वर्षांनी घरी राहायला येते म्हणाली तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं. मुलीला तो लहानपणापासून 'सुपरवायझर' म्हणायचा. तो काम करत असला की ही टीचभर पोर कमरेवर हात ठेवून शेजारी उभी राहायची आणि हे असं का, ते तसं का, विचारून भंडावून सोडायची. आता ती दूरच्या शहरात एका कंपनीत होती. डॉक्टर बोलून ठेवतात ते रुग्णांचे अहवाल ऐकायचे आणि बिनचूक टाइप करायचे, असं तिचं काम. आईचे गुडघे गेले, त्यात ती एकदा उंबऱ्याला अडखळून पडली, तेव्हा मुलीने घरून काम करायची परवानगी मागितली. कंपनीच्या मॅडमनी दोन अटी घातल्या. रुग्णांची माहिती कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून दार बंद होणारी खोली हवी. आणि नेट तारेचं हवं, हवेतलं चालणार नाही. महिनाभर बघू, म्हणाल्या. लाइन टिकली तर कायमचं घरून काम. नाही टिकली तर गुमान परत येऊन टेबलाशी बसायचं.

दार बंद होणारी खोली घरात एकच, वरची. खाली पुढच्या खोलीत आता दोघा म्हाताऱ्यांची खाट होती, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून बाथरूम. नेटचा राउटर पुढच्या दाराशी. भिंती दगडी, हातभर जाड. त्यांतून हवेतलं नेट वर पोचेपर्यंत अर्धमेलं व्हायचं, आणि मॅडमना तर ते नकोच होतं.

"बाहेरून केबल टाकून घेऊ," मुलगी म्हणाली. "या खिडकीतून त्या खिडकीत. तासाभराचं काम आहे."

"बाहेरून?" लाइनमन उडालाच. "लाइनमनच्या घरावर तार लोंबकळणार? उद्या खात्यातलं कुणी गल्लीतून गेलं तर तोंड कुठं लपवू? अगं, घरात तारा आहेत की! मी स्वतः टाकल्यात. दारापासून खालच्या फोनला, तिथून वरच्या फोनला. अख्ख्या घरात भिंतीच्या आत एक जोड दाखव, मिशी काढून देतो."

मुलीने मग शोधून काढलं की टेलिफोनच्या जुन्या तारेवरूनही कॉम्प्युटरचं नेट नेता येतं. दोन पेट्या मिळतात. एक खाली राउटरला लावायची, एक वर कॉम्प्युटरला, आणि दोन्ही पेट्या भिंतीतल्या फोनच्या सॉकेटात खोचायच्या. मधली वाट तारेची. फोनसुद्धा बंद पडत नाही, कारण बोलणं खालच्या पट्टीत जातं आणि नेट वरच्या.

"म्हणजे एकाच वाटेनं बैलगाडी आणि मोटार," लाइनमन म्हणाला आणि त्याच दिवशी माळ्यावरून हत्यारांची पिशवी काढली.

ते दोन दिवस त्याच्या गेल्या सात वर्षांतले सगळ्यात चांगले. त्याने सॉकेटं उघडून पितळी स्क्रू घासले, तारांची टोकं नव्याने सोलली. मुलीने माहितीपत्रकातून वाचून दाखवलं की तारेची जी फांदी वापरात नाही ती तोडा, नाहीतर सिग्नल तिकडे जाऊन आपटून परत येतो. स्वयंपाकघरात एकेकाळी घंटी होती, तिकडे जाणारी तार त्याने मुळाशीच कापली. मुलगी कमरेवर हात ठेवून शेजारी उभी होती.

"आणि असंही लिहिलंय की भिंतीत जोड असला तर अडचण येते. नाही ना कुठे?"

"काय सांगितलं मी तुला?"

"मिशी," ती हसून म्हणाली.

स्वयंपाकघरात आई भाजी चिरत होती. तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

पेट्यांवरचे दिवे हिरवे झाले. मुलगी वरून ओरडली, "आलं, बाबा!" आणि लाइनमनने खालून, कुणी विचारलं नसताना, "येणारच!" म्हणून उत्तर दिलं.

पहिला दिवस रविवार होता, सगळ्यांच्या अंघोळी दुपारपर्यंत लांबल्या, तोवर लाइन चालली आणि मुलीने कॉम्प्युटर बंद केला. सोमवारी सकाळी पावणेदहाला वरचा दिवा लाल झाला, तो अकराला आपोआप हिरवा झाला. मंगळवारी तेच. मुलीने मॅडमची माफी मागितली. लाइनमनने पेटीला नावं ठेवली, एक्स्चेंजमधल्या नव्या पोरांचा उद्धार केला, खांबावरच्या डबीला दोष दिला. नाचता येईना अंगण वाकडं, पण हे त्याला तेव्हा खरोखर ठाऊक नव्हतं.

बुधवारी तो तारेला मीटर लावून बाथरूमसमोरच्या बोळात उभा राहिला. साडेनऊला बायको गुडघे धरत अंघोळीला गेली. आत गीझरचं कढत पाणी पडायला लागलं, दाराच्या फटीतून वाफ आली, आणि मीटरचा काटा थरथरायला लागला. जसजशी वाफ वाढली तसतसा काटा पडत गेला.

जोड होता. बाथरूमच्याच भिंतीत होता.

एकतीस वर्षांपूर्वी, घर बांधून होत आलं तेव्हा, वरच्या फोनची तार तो बाथरूमच्या भिंतीतून चढवत होता आणि भेंडोळं चार हात कमी पडलं. खात्याच्या गोदामात तारेच्या राशी होत्या, पण खात्याच्या तारेला घरासाठी हात लावणाऱ्यातला तो नव्हता. दुकान बंद झालेलं, गवंडी गिलावा कालवून वाट बघत ताटकळलेला. लाइनमनने एक जुना तुकडा घेतला, दोन टोकं एकमेकांना पिळली, कथलाचा डाख न देता काळी टेप गुंडाळली आणि म्हणाला, मार गिलावा. सवडीनं उकलून नीट करू, असं त्याच्या मनात होतं. सवड काही झाली नाही. वरच्या फोनवर अधूनमधून खरखर यायची, पण खरखर आली तर माणसं ओरडून बोलतात. नेटला ओरडून बोलता येत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय, एक जोड! पण हाच माणूस खात्यातल्या नव्या पोरांना शिकवायचा की भिंतीच्या आत जोड म्हणजे पाप. एका हाताखालच्या माणसाने घाईत असाच जोड पुरला तेव्हा याने वर लेखी कळवलं होतं. त्या माणसाची बदली कुठल्या कुठे झाली. जाताना तो भेटायला आला, म्हणाला, साहेब, तुमच्या हातून कधीच चूक होत नाही का? याने ताठ मानेनं नाही म्हटलं होतं. तेव्हा घराच्या भिंतीत तो जोड पाच वर्षांचा झाला होता.

आता लेकीला काय सांगायचं? गवंडी मरून कैक वर्षं झाली. जोडाची गोष्ट आपल्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"बाबा," मुलगी संध्याकाळी खाली येऊन म्हणाली, "मध्ये कुठेतरी जोड असणार. आठवून बघा ना. नाहीतर एखाद्या फिटरला बोलावू, त्यांच्याकडे असलं मीटर असतं की किती अंतरावर दोष आहे तेही कळतं."

"माझ्या तारेला बाहेरचा माणूस हात लावणार नाही. जोड नाही म्हटलं ना!"

तो इतक्या जोरात बोलला की मुलगी आल्या पावली वर गेली. आपल्या आवाजाची त्याला स्वतःलाच लाज वाटली. पण शब्द बाहेर पडला की माणूस त्याच्या मागे उभा राहतो, मग तो खोटा का असेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी गीझर बंद पडला.

"कॉइल गेली वाटतं," लाइनमन म्हणाला. गीझरच्या फ्यूजची तार त्याच्या शर्टाच्या खिशात होती.

"मग नवी आणा," बायको म्हणाली.

"त्या मापाची मिळत नाही. मागवावी लागेल. तोवर दुपारी अंघोळ करत जा, सकाळी फार गारठा असतो."

थंडीचे दिवस होते आणि दुपारीही घरात काही ऊब नसायची. डॉक्टरांनी तिला गुडघ्यांवर रोज कढत पाणी घ्यायला सांगितलं होतं. तिने नवऱ्याकडे बराच वेळ बघितलं आणि "बरं" एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून ती जेवणानंतर पातेलंभर कोमट पाण्यावर भागवायला लागली. लाइनमन पातेलं उचलून नेऊन द्यायचा, आणि आपण बायकोची केवढी काळजी घेतो असं त्याला जवळजवळ वाटायलाही लागलं. स्वतः तो थंड पाण्याने अंघोळ करायचा. मुलगी म्हणायची, बाबा, मी बघू का गीझर? तो म्हणायचा, तू तुझं काम बघ.

आणि लाइन टिकली. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. दहा वाजले की तो जिन्याच्या पायथ्याशी उभा राहून वरच्या खोलीतली टकटक ऐकायचा. मुलगी जेवायला खाली यायची, आईचे पाय चेपून द्यायची, संध्याकाळी दोघी दारात खुर्च्या टाकून बसायच्या. बायको रात्री कण्हायची, पण सकाळी लेकीचा आवाज आला की उठून बसायची. एकदा अंधारात ती म्हणाली, "अहो, ही राहील ना?" तो म्हणाला, "राहील." आणखी काही बोलायला तिने तोंड उघडल्यासारखं त्याला वाटलं, पण ती कूस बदलून झोपली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दहा वाजता मॅडम आणि त्यांचे वरचे साहेब स्क्रीनवर येणार होते. तासभर तिचं काम समोरासमोर बघायचं आणि निकाल द्यायचा. लाइनमन सकाळीच बायकोची औषधं आणायला गेला. सव्वानऊला परतला तो गल्लीतूनच त्याला दिसलं, बाथरूमच्या झरोक्यातून पांढरी वाफ बाहेर पडत होती.

आत मुलगी गुणगुणत होती. बाहेर आली ती डोक्याला टॉवेल गुंडाळून, चेहरा लालबुंद.

"बाबा, कॉइलबिइल काही गेली नव्हती! फ्यूजची तारच नव्हती जागेवर. तुमच्या पिशवीतली तार घातली आणि सुरू. आज केस धुवायचेच होते, साहेब लोक बघणार. आई, तुलाही गरम पाणी काढून ठेवलंय." लाइनमनची मुलगी, फ्यूज बांधायला तिला कोण शिकवणार? त्यानेच शिकवलं होतं.

ती वर गेली. घड्याळात नऊ पंचवीस झाले होते. लाइनमनच्या पिशवीत तीस मीटर कोरी तार होती. खालच्या खिडकीतून वरच्या खिडकीत सरळ टाकली असती, दोन्ही टोकं पेट्यांना दिली असती, तर वीस मिनिटांत काम झालं असतं. त्याने तार काढली. भेंडोळं हातात घेऊन तो जिन्याच्या पायथ्याशी आला. वर जायचं आणि म्हणायचं, सुपरवायझर, ही तार लाव. ती विचारणार, का? भिंतीतली तर चांगली चालतेय.

त्या 'का'शी तो अडला. त्याने एक पायरी चढली, थांबला, खाली उतरला. तीन आठवडे भिंत कोरडी होती, कदाचित आज टिकेल, असं मनाशी म्हणाला. चौतीस वर्षांत हजारो तारा बघितलेल्या माणसाला ती टिकणार नाही हे पक्कं ठाऊक होतं. तरी तो तसाच उभा राहिला, हातात तार घेऊन, पस्तीस मिनिटं.

दहा वाजून सात मिनिटांनी वरची टकटक थांबली. मग मुलीचा आवाज आला, "हॅलो? मॅडम? ऐकू येतंय का?"

ती अर्ध्या तासाने खाली आली. केस अजून ओलेच होते. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून तिने विचारलं, "बाबा, शेवटचं विचारते. दोष नेमका सांगता आला तरच मॅडम एक आठवडा देणार, मग फिटर बोलावू. फक्त मला नक्की सांगा. कुठे जोड आहे का?"

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं.

"नाही," लाइनमन म्हणाला.

"मग फिटर येऊन तरी काय करणार," ती म्हणाली. "मग तारच म्हातारी झाली म्हणायची."

चार दिवसांनी ती गेली. जाताना आईला मिठी मारून रडली, आणि बापाला म्हणाली, "तुम्ही केवढं केलंत बाबा माझ्यासाठी." तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. घरात पुन्हा दोघंच उरली. बायको गरम पाण्याने अंघोळ करायला लागली होती, पण गुडघे आखडले ते आखडलेच. भिंतीला धरून चालायची ती आता काठी घेऊन चालायला लागली. नवऱ्याशी ती वेडंवाकडं काही बोलली नाही. बोलायचीच कमी.

पुढच्या आठवड्यात शेजारीण तिला डॉक्टरकडे घेऊन गेली तेव्हा लाइनमनने बाथरूमचं दार लावलं आणि छिन्नी-हातोडी काढली. आता कशासाठी, हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तो जोड त्याला डोळ्यांसमोर हवा होता. एक फरशी फोडली, आत नुसता दगड. दुसरी फोडली, तरी तार नाही. एकतीस वर्षांत जागा विसरली होती. घामाने त्याच्या डोळ्यांवर अंधारी यायला लागली.

दार ढकललं गेलं. बायको काठी टेकून उभी होती. तिने फुटलेल्या फरश्या बघितल्या, त्याच्या हातातली छिन्नी बघितली.

"तिथं नाही," ती म्हणाली. "वीतभर डावीकडे. आणि जरा वर."

लाइनमनने छिन्नी खाली ठेवली.

"कंदील मीच धरला होता," ती म्हणाली. "वीज कुठं आली होती तेव्हा? तुम्ही म्हणालात, जरा खाली धर. ही पोटात होती, सातवा लागलेला, पाय सुजलेले. पण तुम्हाला तार दिसत होती आणि गवंड्याला गिलावा. कंदील धरणारं माणूस कुणाला दिसतंय."

"मग तू बोलली का नाहीस?" त्याने विचारलं. "तिनं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तू आत होतीस."

"मी बोलले असते तर ती राहिली असती. मला काय कळत नव्हतं?" बायकोने काठी दुसऱ्या हातात घेतली. "पण लेकीसमोर तुम्हाला खोटं पाडायला जीभ उचलेना. म्हटलं, सांगतील. रोज दुपारी ते कोमट पाणी अंगावर घेताना म्हणायची, आज सांगतील. तुमच्यावर भरवसा ठेवला, तेवढं माझं चुकलं."

ती गेली. त्याने तिने दाखवलेल्या जागी छिन्नी लावली आणि चौथ्या घावाला जोड सापडला. टेप कुजली होती, तांबं हिरवं पडून पावडर झालं होतं. त्याने दोन्ही बाजूंची खराब तार कापली, नवी घातली, डाख दिला. मग हात न धुताच वर गेला आणि मुलीच्या रिकाम्या टेबलावरच्या फोनवरून तिला फोन लावला.

"दोष सापडला," तो म्हणाला.

"अरे वा! काय होता?"

"जोड. बाथरूमच्या भिंतीत. मीच घातलेला." एवढं बोलून तो थांबला, मग राहिलेलंही बोलला. "वाफ लागली की जायचा. मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं."

लाइन इतकी साफ होती की तिच्या ऑफिसातली खुर्ची सरकलेली ऐकू आली.

"म्हणजे गीझरचा फ्यूज," ती सावकाश म्हणाली, "तुम्ही काढला होता?"

"हो."

"आई तीन आठवडे त्या थंडीत..." मग एकदम म्हणाली, "आई? तू खालचा फोन उचललायस ना?"

"हो गं," खालून आवाज आला. एकाच तारेवर तिघं होती. "जेवलीस का?"

"आई, पाय कसे आहेत? खरं सांग."

"आहेत तसेच."

लाइनमनने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्याआधीच मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही ठेवा आता. मला आईशी बोलायचंय."

लाइनमनने फोन ठेवला.